मागच्या दाराजवळचं टेबल

बावीस वर्षं मी फिलिपिन्सच्या बाकोलोड शहरात, जीपनी गाड्यांच्या थांब्यावर प्रवाशांच्या रांगा लावते. कोण ओळख काढून पुढं घुसतो, कोण पोटात कळ आल्याचं सोंग करतो, मला लांबूनच कळतं. त्यामुळं कोळशावर कोंबडी भाजणाऱ्या त्या नावाजलेल्या खानावळीबाहेर पुरिता नावाची बाई वही घेऊन बसलेली दिसली, तेव्हाच मी मनात म्हटलं, हिच्यावर नजर ठेवायला हवी.

खरं तर तो दिवस भांडायचा नव्हता. माझी रोवेना त्या दुपारी कुवेतला निघाली होती, कुणा म्हातारीची देखभाल करायला, दोन वर्षांच्या करारावर. एजन्सीची व्हॅन दीड वाजता तिला खानावळीसमोरूनच घेणार होती. जाण्याआधी पोरीनं एकच मागितलं होतं: इथली तंगडी, लसणाचा भात आणि समोर मी.

इथं फोनवर टेबल मिळत नाही. यायचं, वहीत नाव लिहायचं, बाकड्यावर बसायचं. नाव तीनदा पुकारतात. हजर नसलात तर काट, आणि मग पुन्हा तळाला. बारा वाजता मी माझं नाव लिहिलं, दोलोरेस, दोघी. आमच्या पुढं अकरा नावं होती.

"किती वेळ लागेल, मानांग?" मी पुरिताला विचारलं. मानांग म्हणजे आमच्याकडं ताई.

"तासभर धरा," ती मान वर न करता म्हणाली. मान वर न करता बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच राग येतो.

पाचच मिनिटांत बाजूच्या गल्लीतून पांढरे शर्ट घातलेले चौघे आले. वहीकडं ढुंकूनही बघितलं नाही. एकजण पुरिताच्या कानाशी काहीतरी कुजबुजला, तशी ती लगबगीनं उठली आणि चौघांना मागच्या दारानं आत घेऊन गेली.

"बघितलंस?" मी रोवेनाला कोपरानं ढोसलं. "नगरपालिकेचे असणार. वशिल्याचे तट्टू!"

"असतील, आई. तू बस ना इथं. माझ्याशी बोल जरा."

"बोलते गं. आधी हे बघू दे."

दहा मिनिटांत ते चौघे हात पुसत बाहेर आले. दहा मिनिटांत कुणी जेवतं का? नक्की फुकटे! मग तिघं आले, तेही पांढऱ्यात, तेही मागच्या दारानं. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी वहीतली नावं वरून खाली मोजली, खालून वर मोजली. रोवेना काहीबाही सांगत होती, मावशीनं दिलेल्या स्वेटरचं, विमानात खिडकी मिळेल का त्याचं. मी हूं हूं करत होते.

"आई, हा तुझा थांबा नाहीये," ती शेवटी म्हणाली.

"म्हणून काय डोळे मिटून बसू?"

एक वाजायला आला आणि पांढऱ्या कपड्यांतली आणखी एक टोळी आत गेली. माझं डोकंच सटकलं. मी उठले ते तडक गल्लीतून मागं. रोवेना मला आवरायला पाठोपाठ धावली.

मागं भट्टीचा धूर कोंडला होता. दाराजवळ एकच टेबल, भोवती पाचजण. मधे पांढऱ्या झग्यातली एक म्हातारी, तिच्या पुढ्यात एक घास तोडलेला कोंबडीचा पंख.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. "बाहेर लोक उन्हात ताटकळलेत आणि तुम्ही चोरासारखे मागून येऊन गिळताय!"

मग मला त्यांच्या छातीवर टाचलेली काळी फीत दिसली, बोटाच्या पेराएवढी. प्रत्येकाच्याच.

मयताला जाऊन आलेला माणूस सरळ घरी जात नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मरण पाठोपाठ घरात शिरतं. म्हणून वाटेत कुठंतरी टेकायचं, घासभर खायचं, त्याला तिथंच झटकायचं आणि मग घर गाठायचं. सगळं ठाऊक असून मला तासभर नुसता वशिला दिसला.

तेवढ्यात पुरिता धापा टाकत आली. "पलीकडं मयत ठेवतात तो हॉल आहे, मानांग. ह्या लोकांना मी वहीत बसवू? हे टेबल त्यांच्यासाठीच ठेवतो आम्ही." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "आणि तुमचं नाव मी तीनदा पुकारलं. काट बसली."

एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

म्हातारी उठली. "आमचं झालंय. तुम्ही बसा इथं."

"नको, नको!" मी दोन पावलं मागं सरले. "पोरगी प्रवासाला निघालीय." जिथं ही माणसं मरण झटकून चालली, तिथं मी माझ्या लेकीला बसवू?

रोवेनानं खुर्ची ओढली आणि बसली.

"ऊठ तिथनं!"

"मला भूक लागलीय, आई. आता मी जेवणार." तिनं पुरिताला हळूच काहीतरी सांगितलं.

मी बसले नाही. छातीवर बोटांनी क्रूस काढला. टेबलाखाली वाकून बघितलं. ती माणसं निघाली तशी दाराशी जाऊन उभी राहिले, कुणाचा हात, कुणाची बाही माझ्या पोरीला लागतेय का ते बघत. एकेकाला नजरेनं बाहेर काढलं. सगळे निघेपर्यंत चांगली वीस मिनिटं गेली.

म्हातारी सगळ्यांत मागं होती. ती माझ्यापाशी थांबली. "किती दिवसांसाठी चाललीय?"

"दोन वर्षं."

"मग तिच्याकडं बघा की. आमच्याकडं काय बघत बसलाय?"

दीड वाजला, बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. मी वळले तर रोवेना नळावर हात धूत होती. ती आली, आशीर्वादासाठी माझा हात उचलून कपाळाला लावला, बॅग खांद्यावर टाकली. "येते, आई." मी तिला घट्ट धरलं, पण ड्रायव्हर हॉर्न थांबवेना.

व्हॅन वळणाआड गेल्यावर मी मागच्या दाराशी परत आले. टेबलावर दोन ताटं होती. एक खाऊन संपलेलं, आणि त्याच्या समोर दुसरं, तंगडी, भात, मिरची घातलेला व्हिनेगर, सगळं जिथल्या तिथं.