आधीचा फोटो

गिकोंबाच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात गासडी फोडली की पहिल्या नजरेत जो कपडा भरतो, त्याला आम्ही ‘कॅमेरा’ म्हणतो. विरलेला नाही, डागाळलेला नाही, एक नंबर. चारदा चिवडून शेवटी जे उरतं ते ‘फागिया’, म्हणजे केरकचरा. ढिगात हात घातल्याघातल्या कॅमेरा ओळखायला मला वांगेची नावाच्या आजीने शिकवलं. अख्खा बाजार तिला शोशो, म्हणजे आजीच, म्हणतो. मी मेरू गावाहून आले तेव्हा तिने आपल्या ताडपत्रीचा कोपरा मला दिला आणि दोन वर्षं स्वतःच्या डब्यातलं वाढलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणाला माझी कीव यायला नको.

तरुण पोरं ढिगाकडे फिरकत नव्हती. चिखलात वाकून कपडे कोण उपसणार? त्यांना सगळं फोनवर छान दिसायला हवं. म्हणून मी ताडपत्री सोडून समोरच पत्र्याचा गाळा घेतला. भिंत पिवळी रंगवली, कपडे धुऊन, इस्त्री करून रंगांप्रमाणे टांगले, मोठा आरसा लावला. फोटोही टाकले. तरी कुणी ढुंकून बघेना. मग मला अक्कल सुचली.

“शोशो, तुझा फोटो काढू?”

“माझा? अगं बाई! त्याने माझ्याकडे पोरं येतील?”

“येतील की.”

“मग आज नको, उद्या काढ. अशी कशी उभी राहू?”

दुसऱ्या दिवशी ती चर्चची निळी टोपी घालून आली. ढिगाशेजारी ताठ उभी राहिली आणि आजूबाजूच्या बायकांना ओरडून म्हणाली, “बघा गं, बासष्ट वर्षांची कॅमेरा!”

घरी जाऊन मी तो फोटो माझ्या गाळ्याच्या फोटोला जोडला. तिच्यावर लिहिलं ‘आधी’, माझ्यावर ‘नंतर’, आणि नेटवर टाकला. टोपी कापून टाकावी असं क्षणभर वाटलं होतं. पण खरं हसू टोपीमुळेच येत होतं, म्हणून ठेवली.

आठवड्यात गाळ्यासमोर रांग लागली. पोरं शोशोच्या ढिगाला वळसा घालून माझ्याकडे यायची. काही जण तिला बघून “आधी! आधी!” असं ओरडायचे. ती हसून हात हलवायची.

“बघितलंस, कावीरा? मला ओळखायला लागलीत.”

चोराच्या मनात चांदणं. मी रोज तिला गरम मांदाझी, तळलेले गोड पाव, नेऊन द्यायला लागले. ती खाण्याआधी डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना करायची. तिने ते मांदाझी माझ्या तोंडावर फेकले असते तरी मला इतकी लाज वाटली नसती. तिला तो फोटो कागदावर हवा होता, नातीला दाखवायला. “देते, देते,” म्हणत मी तीन आठवडे टाळलं. शोशोचा ढीग मात्र संध्याकाळी सकाळइतकाच असायचा. फोटो पुसायला रोज बोट जायचं, रांग आठवली की परत यायचं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणतात ती मीच.

सोमवारी आले तर समोर ढीग नव्हता. दोन बांबूंना दोरी बांधून शोशोने सगळे कपडे टांगले होते, लालाशेजारी केशरी, केशरीशेजारी पिवळे. इस्त्री नव्हती, सगळं चुरगळलेलं. मागे भिंत म्हणून पिवळी चादर लावली होती. आणि तिच्या डोक्यावर ती टोपी.

“कावीरा, फोन आण. नातीने दाखवलं मला. वाचूनही दाखवलं.”

मी फोन काढला. “शोशो, मी चुकले. मी तो फोटो आत्ताच काढून टाकते.”

“टाक नाहीतर ठेव. तो सगळ्यांनी पाहिलाय. आता माझा ‘नंतर’चा काढ.” तिने दोरीवरचा एक झगा सरळ केला. “तुझ्यासारखंच केलंय ना? रंग बरोबर लागलेत?”

“बरोबर लागलेत, शोशो.”

“नात म्हणते, पोरं टोपीला हसतात.”

“नाही गं, टोपी राहू दे. टोपी छान आहे.”

“छान आहे ना?” म्हणत तिने ती डोक्यावरून उतरवली, हाताने झटकली आणि दोरीवर निळ्या कपड्यांमध्ये अडकवली. “मग जाईल विकली. कॅमेरा आहे ती.”