मालूचे टाके

पोट चिरून मुलगी झाली त्याला अकरा दिवस झाले, तरी मालूला ताठ उभं राहता येत नव्हतं. महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, असं रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सासूला, गिरजाबाईला, ते पटत नव्हतं.

"आमी नवव्या दिवशी शेतावर जायचो गो. तू तर कळापण नाय सोसल्यास," ती म्हणायची.

त्या सकाळी दोन दिवसांनी नळाला पाणी आलं. नवरा शिफ्टला, सासू वालाच्या शेतात. बाळाच्या दुपट्यांचा ढीग पडलेला. मालूने भरलेला हंडा उचलला. दाराशी येईतो पोटात काहीतरी उसवल्यासारखं झालं आणि साडी ओली झाली. तिला वाटलं, पाणीच सांडलं. आत जाऊन बघितलं तर टाके उसवले होते.

तिने कुणाला सांगितलं नाही. जखमेवर फडकं बांधून तीन दिवस वावरली. चौथ्या दिवशी तिला ताप भरला आणि पोर हातातून निसटायला लागली, तेव्हा गिरजाबाईने पोर घेतली आणि फडकं सोडलं. जखमेतून पुवाचा वास आला.

"सांगितलं का नाय गो?"

"तुमी म्हणाला असता, नाटकं करते."

रोह्याला दवाखान्यात जखम परत न शिवता उघडीच ठेवली. आतून भरायला दोन महिने लागले. रोज ड्रेसिंगच्या वेळी गिरजाबाई तिचे हात धरून उभी राही. तोवर दूध आटलं, पोर बाटलीला आणि आजीला लागली.

शेवटचं ड्रेसिंग करून घरी आल्यावर गिरजाबाईने पोर पुढे केली. मालूने पोटावर हात धरून मान हलवली.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. माझ्याकडं रडते ती."