ट्रॉलीची खांदशेकणी

घरातली सून महिना महिना एखाद्या कामाला हात लावत नाही, आणि विचारलं तर "तुमीच म्हटलं होतं ना, आत्याबाई" एवढं बोलून पुन्हा गवारीच्या शेंगा मोडत बसते, ही काय वागायची रीत झाली? प्रेमिलाबाईच्या मते नव्हती. आणि हे मत तिनं पोटात ठेवलं होतं असंही नाही. समोरच्या नीलाला सांगून झालं होतं, सिलेंडरवाल्याला सांगून झालं होतं, आणि नवऱ्याला तर ते रोज सकाळी चहासोबत मिळत होतं.

"गल्लीतल्या कुत्र्याकडं तरी माणूस येताजाता पाहते," ती म्हणाली. "इनं ट्रॉलीकडं मान वळवून पाहिलं नाई. पोळा झाल्यापासून."

मनोहररावांनी चहा बशीत ओतला. "हाव."

"हाव काय? बोला ना तिले."

"तू बोलली तेवढं पुरलं नाई का वं तिले?"

प्रेमिलाबाईनं चहाचं पातेलं खाली उतरवलं. सकाळपासून गुडघे ठणकत होते, आणि सून आणि नवरा अशा दोघांशी एकदम भांडायची ताकद आता राहिली नव्हती. पूर्वी तिघांशी भांडून वर स्वयंपाक व्हायचा.

ट्रॉली अंगणात उभी होती. दोन चाकांची, चारही बाजूंनी पत्र्यानं बंद, एका अंगाला वर उचलायची मोठी फळी. तिला मुलाच्या, सुशीलच्या जुन्या जीपमागं अडकवायचं, मैदानावर नेऊन लावायचं, फळी उचलली की आत शेगड्या, पातेली, बेसनाचे डबे, सगळं मांडलेलंच. पाटोडी-रस्सा, वडाभात, भाकर. घर या ट्रॉलीवर चालत होतं. मुलगा ओढायला, सून आत उभी राहायला, आणि प्रेमिलाबाई रस्स्याला. तो रस्सा खायला लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून येतात असं ती स्वतःच सांगायची, आणि ते खरंही होतं.

त्याच ट्रॉलीच्या अंगावर आता काळं चढलं होतं. पत्र्याला पत्रा जिथं मिळतो तिथल्या फटी बुजवायला बनवणाऱ्यानं पांढरं सिलिकॉन भरून दिलं होतं. खिडकीभोवती, कडांना, मागच्या दाराला. भादव्याच्या पावसात त्यावर आधी करडे ठिपके आले. ठिपक्यांचे डाग झाले, डागांची रेघ झाली. आता सगळी ट्रॉली काजळ घालून बसल्यासारखी दिसत होती. एका कोपऱ्यातून पाणीही आत उतरायला लागलं होतं. खाली ठेवलेलं बेसन ओलं होऊन त्याची ढेकळं झाली, ती गायीला घालावी लागली. गायीनंही हुंगून मान फिरवली.

आणि काल संध्याकाळी उन्मेष येऊन गेला. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर कोणाची गाडी कुठं लागेल ते हा ठरवायचा. पोरगा बोलायला साखर. ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं, आणि ते रुमालाला पुसलं.

"काकू, तुमच्या रस्स्याबद्दल प्रश्नच नाही," तो म्हणाला. "पण लोकं आजकाल खायच्या आधी मोबाइल काढतात. खाण्याच्या गाडीला बुरशी, असा एक फोटो फिरला की मंडळाचं नाव जाते. परवा सकाळी मी पुन्हा येतो. अशीच दिसली तर तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

दुसऱ्याला! फाटकाजवळची ती जागा ट्रॉली घेतली तेव्हापासून तिची होती. नवरात्रावर घरची दिवाळी निघायची. बरं, दिवाळी गेली चुलीत. पण 'प्रेमिलाबाईच्या गाडीले बुरशी हाय' हे बोलणं मैदानभर फिरणार, ते तिला झोपू देत नव्हतं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांना नावं ठेवली होती. ती सगळी आता व्याजासकट परत येणार.

मुळात भांडण झालं ते पोळ्याचं. सावनेरकडची शेती आता दीर कसतो, पण प्रेमिलाबाई तिथं नांदायला होती तेव्हा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी व्हायची. वर्षभर जू ओढून सुजलेला खांदा. त्याला तूप-हळद लावायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणून बैलाच्या कानात सांगायचं. शहरात बैल कुठून आणायचा? पण जो ओझं वाहून घर पोसतो तो बैलच, या हिशेबानं प्रेमिलाबाई दर पोळ्याला ट्रॉलीची खांदशेकणी करायची. स्टुलावर चढून, वाटीतलं तूप-हळद अंगठ्यानं सगळ्या जोडांमध्ये दाबून दाबून भरायची. जोड असतो तिथंच दुखतं, हे तिला स्वतःच्या गुडघ्यांवरून चांगलं माहीत होतं.

आणि दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी, गल्लीतली पोरं लाकडी नंदी घेऊन तान्ह्या पोळ्याला निघायच्या आत, सून भूमिका साबणाचं गरम पाणी आणि जुना ब्रश घेऊन ट्रॉलीला भिडलेली. घासून घासून सगळं तूप उतरवायची. यंदा प्रेमिलाबाईनं बादलीच लाथाडली.

"तुह्या बापाच्या घरी देवाच्या अंगाचं तेल असं दुसऱ्या दिवशी खरवडतेत का वं? माह्या हातानं लावलेल्याची तुले किळस येते? आजपासून ट्रॉलीले बोट लावायचं नाई. लावून तर पाहजो!"

नीला गॅलरीतून ऐकत होती. मारबत पाहायला निघालेली माणसंही गल्लीत थांबली; इडापिडा घेऊन जाणारी मारबत यंदा इथूनच निघते की काय, असं त्यांना वाटलं असावं. भूमिकानं बादली उचलली, सांडलेलं पाणी खराट्यानं मोरीकडं लोटलं, आणि आत गेली. त्यानंतर ट्रॉलीत उभी राहून ती भाकरी थापत होती, गिऱ्हाईक सांभाळत होती. पण बाहेरून बोट? एक नाही.

इतकी आज्ञाधारक सून देवानं वैऱ्यालाही देऊ नये.

सुशील एक भाडं घेऊन पहाटेच काटोलला गेला होता. चहा झाला तशी प्रेमिलाबाईनं पदर खोचला, स्टूल ओढलं आणि स्वतःच लागली. आधी राखेनं घासलं. मग चिंचेनं. मग भांड्याचा साबण आणि तारेची घासणी. पितळ असतं तर एवढ्यात तोंड दिसलं असतं. हे काळं हलायला तयार नव्हतं. वरचं जरा निघायचं, आत तेवढंच शिल्लक.

"काकू," नीला वरून म्हणाली, "तुमी काहून घासून राहिल्या? भूमिकाची तब्येत बरी नाई का?"

"तिची बरी हाय. माही बी बरी हाय. तुहं दूध उतू जाऊन राहिलं असंन, पाहा जा."

नीला गेली. प्रेमिलाबाईनं रागानं खिडकीच्या कडेला नख घातलं. सिलिकॉनची अख्खी पट्टीच उचकटून हातात आली, आणि तिच्यामागून वास आला.

खवट तूप.

हा वास तिनं झोपेतही ओळखला असता. लग्नाच्या पंगतीत वरणावरचं तूप किती दिवसांचं आहे ते ती वास घेऊन सांगायची, आणि सांगायचीच, यजमान शेजारी उभा असला तरी. तिनं पट्टी उलटी केली. आतल्या अंगाला पिवळं होतं. हळद. पत्रा आणि सिलिकॉन यांच्यामध्ये तुपाचा थर बसला होता, त्यामुळं सिलिकॉननं पत्रा सोडला होता, आणि त्या ओल्या तुपावर बुरशी लग्नघरी आल्यासारखी जेवून गेली होती.

ती स्टुलावरून उतरली आणि ट्रॉलीभोवती हळूहळू फिरली. काळं सगळीकडं नव्हतं. मागच्या दाराच्या वर, छताच्या कडेला, जिथं स्टुलावर चढूनही तिचा हात पोचत नव्हता, तिथलं सिलिकॉन दुधासारखं पांढरं होतं. जिथवर तिचा हात, तिथवर काळं. जणू कोणी मोजून रेघ मारली होती.

प्रेमिलाबाई स्टुलावर बसली. ओले हात तिनं मांडीवर तसेच ठेवले.

मनोहरराव काठी टेकत बाहेर आले. "काय झालं वं?"

"काई नाई." तिनं हातातल्या पट्टीवरची हळद अंगठ्यानं पुसली. "बैलाले तूप कुठं लावत होते तुमी?"

"खांद्याले."

"खांद्यालेच? पाठीले, बरगड्याले?"

"पाठीले कोण लावते? पावसाचे दिवस, वरून तूप, कातडं सडून जाईन त्याचं. जू जिथं टेकते तेवढंच शेकायचं. लावायचं अन् जिरवायचं."

"अन् हे मले आज सांगता?"

"तू आज विचारलं." मनोहररावांनी काठीचं टोक ट्रॉलीच्या पुढच्या लोखंडी हुकाकडं केलं, जिथं ती जीपला अडकायची. "इचा खांदा तो हाय. तिथं सुशील ग्रीस लावतेच."

खरं होतं. सासरी ती डोक्यावर पदर घेऊन वाटी द्यायची आणि गोठ्याच्या दारातून मागं फिरायची. तूप कढवलेलं तिचं, हळद कुटलेली तिची. पुढचं पुरुष करायचे. ते कुठं लावतात, हे तिनं कधी आत जाऊन पाहिलंच नव्हतं, आणि पाहिलं नाही हे इतकी वर्षं कोणाला कळूही दिलं नव्हतं.

आवाज ऐकून भूमिका दारात आली होती. सासूच्या हातातली पट्टी तिनं पाहिली.

"तुले माहीत होतं?" प्रेमिलाबाईनं विचारलं.

"हाव."

"मंग तोंड काहून नाई उघडलं?"

"उघडलं होतं, आत्याबाई. पहिल्याच पोळ्याले सांगितलं होतं, तुपानं सिलिकॉन सुटते म्हणून. तुमी म्हटलं, काटोलच्या संत्र्याच्या बागेतली पोट्टी मले खांदशेकणी शिकवते."

प्रेमिलाबाईला आठवत नव्हतं. पण बोल तिचेच होते, यात शंका नव्हती. या घरात इतकं झणझणीत दुसरं कोणी बोलत नाही.

"म्हटलं असंन," ती म्हणाली. "घासून जाईन का हे आता?"

"नाई. घासायचा टाइम गेला. कापूनच काढा लागते. सुशीलले पहाटेच सांगितलं, येताना सिलिकॉनच्या नळ्या आणजो."

"म्हणजे तू करणारच होती?"

"तुमी हो म्हटलं असतं तर."

प्रेमिलाबाईनं तिच्याकडं बघितलं. पोरगी अजूनही उंबऱ्याच्या आतच उभी होती. महिनाभर धरलेला हट्ट होता तो, साधा नव्हता. आपल्याच हातच्या लोणच्यासारखा मुरलेला होता.

"उभी काय राहिली? ब्लेड आण."

मग दिवसभर दोघींनी ते काळं कापून काढलं. भूमिका ब्लेडनं कड सोडवायची, प्रेमिलाबाई पट्टी ओढायची. कुठं सरळ निघायची, कुठं तुकडे व्हायचे. मागं राहिलेलं तूप भूमिकानं फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसलं, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पुसलं. दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा मनोहररावांनी दोरी धरली आणि तिघांनी मिळून ट्रॉलीवर ताडपत्री ताणली. पाऊस पडला नाही, पण ताणून ताणून सगळ्यांचे खांदे गेले. सुशील परतल्यावर नळी लावायची बंदूक आली. भूमिकानं फटीच्या दोन्ही बाजूंनी कागदी टेप चिकटवला, मधून सिलिकॉनची धार सोडली, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती सपाट केली. बोलणं फारसं झालं नाही. "टेप धरा." "धरला." "आता सोडा." "सोडला ना बाप्पा." एवढंच. संध्याकाळपर्यंत प्रेमिलाबाईचे गुडघे असे झाले होते की स्टुलावरून उतरताना तिनं सुनेच्या खांद्यावर हात टेकला, आणि उतरल्यावरही तो लगेच काढला नाही.

सकाळी उन्मेष आला. ताडपत्री काढली होती. ट्रॉलीच्या सगळ्या कडांना पांढरी, सारखी रेघ. त्यानं पुन्हा बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं. रुमाल काढावा लागला नाही.

"कमाल केली काकू! या वयात!"

"वयाचं राहू दे गा. अन् मले काहून सांगून राहिला? जिनं केलं, ती तिथं उभी हाय."

उन्मेष भूमिकाकडं वळून काहीतरी चांगलं बोलला, फाटकाजवळची जागा पक्की म्हणून सांगितलं, आणि गेला. भूमिका खाली पडलेले टेपचे तुकडे वेचायला लागली. वर गॅलरीत नीला धुतलेलीच चादर पुन्हा झटकत होती. प्रेमिलाबाईनं एकदा वर पाहिलं. ऐकू दे. बादली लाथाडली तेव्हाही तिनं ऐकलं होतं.

"इकडं ये वं, भूमिका."

भूमिका आली.

"तुहं चुकलं," प्रेमिलाबाई मोठ्यानं म्हणाली. "धुत होती तवा नाई चुकलं. मी नाई म्हटलं अन् तू थांबली, तिथं चुकलं. पोटापाण्याची ट्रॉली सडून राहिली अन् सून हुकूम पाळून राहिली, असा मान मले नाई पाहिजे. पुढल्या पोळ्याले मी हुकाले तूप लावीन. माहा हात चुकून वर गेला, तर पुसजो. मी बोलीन. तोंड माहं हाय, ते बोलनच. तरी पुसजो."