सिद्धाण्णाची सात भांडी

"स्मरणार्थ? कुणाच्या?" ईरण्णानं नावं घालायचं मशीन बंद करत विचारलं.

"माझ्याच," सिद्धाराम आचारी म्हणाला. "सिद्धाराम आचारी, जळकोट, यांच्या स्मरणार्थ. सातीबी भांड्यावर घाल. धा वाजता मठात द्यायचीत."

टमटममधून उतरवलेली भांडी दुकानापुढं फुटपाथभर पसरली होती. आत माणूस झोपेल एवढी कढई, चार पातेली, एक परात आणि हातभर दांड्याचा झारा. तीस वर्षं या भांड्यांनी जळकोटपासून नळदुर्गापर्यंतची लग्नं जेवू घातली होती.

"अण्णा, तुमी तर धडधडीत पुढं उभं हाव."

"मागून कोण करतंय रं? आपलं आपण करून ठिवलेलं बरं."

बरोबर रुद्रेशशेट होते. किराणा दुकानदार आणि मठाच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांचा ऊर भरून आला होता. "बघ ईरण्णा, याला म्हणतात वैराग्य! आयुष्याची कमाई मठाला देतोय माणूस. शाल सांगितलीय, फेटा सांगितलाय, माईकपण लावलाय. तू जन्मभर टवाळक्या केल्यास, शिक जरा."

टवाळक्या केल्या होत्या हे खरं. बावन्न वर्षांच्या ईरण्णाचं सारं गावाला तोंडपाठ होतं. आहेराच्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव तो टपोऱ्या अक्षरात घालायचा आणि बुडाला मुंगीएवढ्या अक्षरात तारीख टिपायचा. आहेर पुढं पुढं सरकत तिसऱ्या लग्नाला परत त्याच्याकडं नाव बदलायला आला की भर दुकानात तांब्या उलटा करून विचारायचा, "काय पावणं, ह्यो गडी अजून कुटं कुटं फिरून आलाय?" निम्मं गाव त्याच्यावर खार खाऊन होतं आणि उरलेलं निम्मं तो पुढं कुणाला पकडतो याची वाट बघत होतं.

पण मागच्या महिन्यात हाच गडी धाराशिवला दोन दिवस मनाच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेऊन आला होता. ज्यांच्याकडं दिवसभर माणसं येऊन टेकतात अशांना बोलावलं होतं. आशाताई, सलूनवाले, रिक्षावाले, एक पोस्टमन. जेवणात गुलाबजाम आहेत असं कळलं म्हणून ईरण्णा गेला. शिकवणाऱ्या शिवकन्या मॅडमनी त्याला गप्प बसून ऐकायचा सराव दिला, तर घड्याळ लावून वीस सेकंद टिकला. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला सर्टिफिकेट देऊ का तोंडाला चिकटपट्टी?" हा म्हणाला, "दोनी द्या. चिकटपट्टी बघून बायको तुमाला दुवा दील."

हसण्याखिदळण्यात दोन दिवस गेले खरे, पण काही गोष्टी डोक्यात जाऊन बसल्या त्या बसल्याच. जिवापाड जपलेल्या वस्तू माणूस एकाएकी वाटायला लागला तर कान टवकारायचे. आडून आडून बोलायचं नाही, मरणाचं नाव घेऊन सरळ विचारायचं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं खूळ शिरत नाही. आणि जाणत्या माणसापर्यंत पोचवेपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही.

रुद्रेशशेट फेटेवाल्याला फोन लावायला बाजूला गेले तसा ईरण्णा सिद्धारामच्या कानाशी वाकला.

"अण्णा, खरं सांगा. मरायचं मनात हाय का?"

सिद्धारामनं ओठ ओढून हसल्यासारखं केलं. "तुज्या चेष्टेला येळकाळ हाय का न्हाय लेका? नावं घाल गुमान." आणि तो शेटच्या मागं मठाकडं चालू लागला.

ईरण्णाचं तोंड कडू झालं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलला होता आणि समोरच्याला चेष्टा वाटली होती. आता बोंबलून तरी काय सांगणार? मॅडमनी बजावलं होतं, माणसाचं दुखणं चव्हाट्यावर आणायचं नाही.

दोन महिन्यांमागं एका लग्नात साठ माणसांना उलट्या झाल्या होत्या. बासुंदीचं दूध वऱ्हाडानंच आणलं होतं, तेही रात्रभर उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं. पण मोबाईलवर फिरला तो सिद्धारामचा व्हिडिओ. मांडवाच्या खांबाशी हात जोडून उभा असलेला. तेव्हापासून त्याला स्वयंपाकाची एकही सुपारी आली नव्हती, आणि गावात कुणी त्याच्याशी धड बोललंही नव्हतं. आज भांडी फुकटात मिळतायत म्हटल्यावर मात्र शाल निघाली होती.

ईरण्णानं शिवकन्या मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "नजरेआड होऊ देऊ नका. परत विचारा. मी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांशी बोलून ठेवते, आजच घेऊन या." मग त्यानं सिद्धारामच्या बायकोला फोन केला. "लक्ष्मम्मा, कामं टाका आन मठात या. अण्णाला चिटकून बसा. मी यिस्तवर कुटं जाऊ दिऊ नका." का, असं तिनं विचारलं नाही. नुसतं "बरं" म्हणाली, आणि त्या एका शब्दावरून ईरण्णाला कळलं की तिलाही रात्र रात्र झोप नाही.

मग त्यानं मशीन चालू केलं.

दहा वाजता मठाच्या अंगणात सतरंज्या भरल्या. सिद्धारामला फेटा बांधला, शाल पांघरली. तो शालीच्या आत कुठंच नव्हता. लक्ष्मम्मा त्याच्या धोतराला खेटून खाली बसली होती. ईरण्णानं झाकून आणलेल्या भांड्यांवरचं कापड काढून रुद्रेशशेटनी माईकवर वाचायला सुरुवात केली.

"तर या कढईवर लिहिलेलं आहे... मालक, ईरण्णा भांडीवाला. ही कढई... ही कढई विकायची न्हाय, द्यायची न्हाय, हिला हात लावायचा न्हाय?"

अंगण हशानं फुटलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. शेटनी पातेलं उलटं केलं, परात बघितली, झाऱ्याच्या दांड्यापर्यंत गेले. सगळीकडं तेच.

"ईरण्णा! ह्ये काय हाय?"

"चुकलं मशीन," ईरण्णा मागच्या रांगेतून उभा राहिला.

"सात भांड्यांवर चुकलं?"

"लई हट्टी मशीन हाय, शेट. एकदा चुकलं की चुकतच जातंय."

"आरं, दुसऱ्याच्या नावाची भांडी मठात कशी घ्यायची?"

"नका घिऊ."

शेटचा चेहरा टमाट्यासारखा झाला. "भरल्या कार्यात तमाशा करतोस? आजपासून मठाची एक वाटीबी तुज्याकडं येणार न्हाय!"

मठाचं काम म्हणजे ईरण्णाचा निम्मा धंदा. पण तो मागं हटला नाही. "बरं," म्हणाला. "आता भांडी टमटममधी टाका. माझ्या नावाची हायत, मी घिऊन चाललो."

दुकानात पोचेपर्यंत मागून सिद्धाराम आलाच. फेटा सुटलेला, डोळे लाल. मागं धापा टाकत लक्ष्मम्मा. त्यानं ईरण्णाची गचांडी धरली.

"साऱ्या गावापुढं हसं केलंस माजं! आदीच काय कमी झालं व्हतं? काय बिगाडलं व्हतं म्या तुजं?"

"काय न्हाय बिगाडलं, अण्णा."

"मंग का?"

"मगाशी इचारलं ते तुमाला चेष्टा वाटली म्हणून. आता परत इचारतो. मरायचं ठरिवलंय का?"

लक्ष्मम्मानं तोंडावर पदर धरला. गचांडीवरचा हात तसाच राहिला. मग हळूहळू ढिला पडला.

"व्हय," सिद्धाराम म्हणाला.

तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि बोलायला लागला. ईरण्णाच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. बायकोकडं बघा, देवावर हवाला ठेवा, एवढं काय झालंय. त्यानं एकेक गिळली. समोरून सोलापूरचे ट्रक गेले, दोन गिऱ्हाईकं येऊन उभी राहून गेली. सिद्धाराम उलट्या झालेल्या माणसांची नावं घेत होता. साठच्या साठ त्याला पाठ होती. ईरण्णा पाऊण तास गप्प बसला.

"माजी आई आज असती तर तुला बघून म्हणली असती, ह्यो ईरण्णाच मेला का काय, बोलंना," शेवटी सिद्धारामच म्हणाला. लक्ष्मम्मा रडता रडता हसली.

"धाराशिवला जाऊ," ईरण्णा म्हणाला. "आताच. तिगंबी."

"लोक म्हणतील येड लागलं."

"म्हणू द्या की. तुमाला येडं म्हणत्याल, मला भांडीचोर. जोडी बरी दिसंल."

तुळजापुरात एसटी बदलून ते दुपारी दवाखान्यात पोचले. फाटकापाशी शिवकन्या मॅडम उभ्या होत्या. केसपेपरच्या खिडकीला वीस-पंचवीस माणसांची रांग होती आणि सिद्धारामला ओळखणारी दोन माणसं त्यात होती. एकानं तर शाल बघून विचारलंच, "आचारी, सत्कार झाला का काय?" ईरण्णा उत्तर द्यायला निघाला, तर सिद्धारामनं त्याला हातानं मागं सारलं.

नंबर आला. आतल्या बाईनं मान वर न करता नाव विचारलं, वय विचारलं. त्यानं सांगितलं.

"काय त्रास होतोय?"

"जगावं वाटंना."

"काय? काचेमुळं ऐकू येईना, मोठ्यानं सांगा."

मागची रांग कान देऊन उभी होती. सिद्धारामनं खांद्यावरची शाल काढून लक्ष्मम्माच्या हातात दिली, खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकले आणि हजार माणसांच्या मांडवात 'वाढा' म्हणायचा त्या आवाजात पुन्हा सांगितलं.