बाबांचा मॅनिफोल्ड

आठवडाभर माझा भाऊ निनाद आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा तसेही घरात कमीच बोलतात, त्यामुळे फरक फक्त निनादच्या बाजूने कळत होता. त्याने बाबांच्या एकसष्ट सालच्या पिकअपसाठी हेडर मागवला होता, म्हणजे इंजिनातल्या प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या नळीने बाहेर काढणारा चकचकीत पाइपांचा जुडगा. तो बसवायचा तर सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र गोळा करणारा जुना बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, मॅनिफोल्ड काढावा लागणार होता, आणि तो बाबांनी स्वतः घडवला होता.

बाबा कारखान्यात पॅटर्न शॉपला होते, ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करायचे. गाडीचा मूळ मॅनिफोल्ड फुटला आणि दुसरा कुठेच मिळेना, तेव्हा त्यांनी सागाचा नमुना कोरला. बीड थंड होताना आकसतं म्हणून तो मापापेक्षा किंचित मोठा ठेवला आणि त्यावरून गोविंदपुऱ्यातल्या एका मित्राच्या भट्टीत नवा मॅनिफोल्ड ओतून घेतला. पाहुणे आले की आमच्याकडे चहाच्या आधी बॉनेट उघडायचं.

"बाबा, त्याला तडा गेलाय. लीक हो रहा है," निनाद म्हणाला होता.

"रेघ आहे नुसती. पुट्टी लावलीय मी."

"पुट्टी किती दिवस टिकणार?"

"माझं बीड माझ्याआधी जाणार नाही," असं म्हणून बाबांनी पेपर उघडला.

मी बाबांच्याच बाजूने होते. तुला नुसता आवाज काढत न्यू मार्केटमध्ये भाव खायचाय, असं मी निनादला तोंडावर सांगितलं. तो फुगला, आणि रविवारी आमच्याबरोबर आलाच नाही.

रविवारी पिकअपमधून केरवा धरणावर जायचं हा घरचा नेम. जानेवारीची थंडी होती आणि आईला गार वारा सोसत नाही. म्हणून बाबांनी आदल्या दिवशी दोन्ही दारांना नवं रबर लावलं, पायाखालच्या पत्र्याची भोकंही बुजवली. "आता वारा कुठून येतो बघू, रत्ना," ते खुशीत म्हणाले. आई मध्ये बसली, मी खिडकीशी, आणि काचा घट्ट वर.

साकेत नगर मागे पडलं तसे बाबा सुरू झाले. कारखान्यातले किस्से, कोणाचा साचा कसा बिघडला, साहेब कसा तोंडावर आपटला. माझं डोकं जड झालं होतं. सकाळी चहा कमी पडला असेल, असं वाटलं. आई हुंकार द्यायची थांबली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

"झोपली वाटतं," बाबा म्हणाले.

मी तिचा हात धरला. तो तसाच खाली पडला.

"आई? ए आई! बाबा, गाडी थांबवा!"

माझं दार उघडेना. नवं रबर चौकटीत गच्च रुतलं होतं. मी लाथा घातल्या, बाबांना नको ते बोलले, आणि शेवटी दार सुटलं तशी आईला ओढत बाहेर काढलं. तिला उलटी झाली. डोळे उघडून तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली. मागून आलेल्या एका गाडीवाल्याने आम्हाला हॉस्पिटलात पोचवलं. पिकअप किल्लीसकट रस्त्यावर राहिली.

"कमरे में सिगड़ी जलाकर सोए थे क्या?" ऑक्सिजन लावता लावता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना माझ्याआधी कळलं होतं. इतकी वर्षं तड्यातून गळून इंजिनामागच्या पत्र्यातून आत येणारा विषारी धूर दाराच्या फटींतून निघून जात होता, आणि त्या फटी त्यांनी आईसाठी, अगदी मायेने बंद केल्या होत्या. ते आपल्या हातांकडे बघत बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त कीव आली होती.

निनाद धावत आला. आता हा टोमणा मारणार म्हणून मी दात आवळून बसले, पण त्याने फक्त आईच्या पायावरची शाल सारखी केली.

दुपारी आईने मास्क बाजूला केला. "दर हिवाळ्यात काचा लावल्या की असंच व्हायचं," ती म्हणाली. "उतरल्यावर डोकं ठणकायचं. आज जरा जास्तच झालं."

"मग बोलली का नाहीस?" बाबा ओरडलेच.

"बोलले असते तर तुम्ही गाडी काढली असती का? घरात तुमच्या तोंडून चार शब्द निघत नाहीत. त्या गाडीत बसलात की बोलता. मला ऐकायचं असतं."

बाबा उठून खिडकीशी गेले.

"निनाद," ते न वळता म्हणाले, "उद्या गाडी आणून हेडर बसवू. नट गंजलेत, मी सोडवतो. मॅनिफोल्ड तू उतरव."

संध्याकाळी आईला रिक्षाने घरी आणलं. बाबा तिच्या शेजारी बसले होते. काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. रस्त्यातला खड्डा, समोरची बस, उद्याची भाजी, जे दिसेल आणि आठवेल ते सांगत होते. पण घर येईपर्यंत ते बोलत राहिले.