गल्लीच्या तोंडाशी थांबणारी बस

मित्रांनो, मी एक जुनी मिनीबस आहे. दिल्लीत, करोल बागेतल्या एका छोट्या कॉलेजच्या मागे उभी आहे. चाकांतली हवा गेली आहे आणि माझ्या सीटवर मांजरं झोपतात. त्यांचा मला राग नाही. कोणी तरी बसतं, एवढंच खूप.

गुडगावकडे काचेच्या इमारती उठू लागल्या, तेव्हा मी नवी कोरी आले. शहराच्या कडेच्या वस्तीतल्या मुस्लिम मुलींना कॉलेजात आणायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, हे माझं काम. माझा चालक अंबादास मूळचा जालन्याचा, बोलायला तुटक. पण त्याची एक सवय कधी मोडली नाही. मुलगी दारापाशी पोचेपर्यंत तो मला गल्लीच्या तोंडाशी थांबवी आणि तिच्या वडिलांना हाक मारी, "भाईजान, बेटी घर आ गई." वडील हात वर करीत, मगच आम्ही निघत असू. मला तेव्हा हा नुसता खोळंबा वाटे.

तहसीन खिडकीजवळ बसायची. रक्त तपासण्याचा कोर्स करत होती. कॉलेजात जाणारी तिच्या घरातली पहिलीच. आपला पांढरा कोट चुरगळू नये म्हणून घडी करून मांडीवर ठेवी. वर्गात तिचं कौतुक होई. त्यातलं थोडं मीही स्वतःकडे घेई.

मग रस्ते रुंद झाले, खासगी बसगाड्या आल्या. प्राचार्या वृंदा मॅडमचा मुलींवर जीव होता. त्यांनी प्रत्येकीला बसचा पास दिला आणि मला बंद करून त्या पैशांत संगणक आणले. आता मुली मोकळ्या झाल्या, असं त्या आनंदाने म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्याच दिवसांत तहसीन यायची थांबली. तिची शेवटची परीक्षा जवळ आली होती, म्हणून अंबादास तिच्या घरी गेला. परत आल्यावर माझ्या पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. तिचे वडील म्हणाले होते, "पास तो है, भाई. पर शाम को आवाज़ कौन देगा?" आत शिलाई मशीनवर धूळ बसू नये म्हणून आईने तो पांढरा कोट त्यावर टाकला होता.

"पण आपण पास दिला होता ना," वृंदा मॅडम पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. पण तोवर माझं इंजिन विकलं गेलं होतं. पुढच्या वर्षी त्या गल्लीतून कोणीच आलं नाही.

उद्या भंगारवाला मला नेणार आहे. मला वाचवा, असं मी म्हणत नाही. ती वेळ निघून गेली. पण मित्रांनो, तुमच्या वर्गातली एखादी जागा रिकामी दिसली, तर तिथे बसणाऱ्या मुलीच्या घरापर्यंत जा आणि दाराशी उभं राहून हाक मारा. मीच हाक मारली असती, पण माझा भोंगा केव्हाच काढून नेला आहे.