ऑफिस सुटल्यावर खुशाल जा

रंजना खरातच्या उजव्या हाताची बोटं उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेणाची झाली. भाकरी थापताना तिच्या ते लक्षात आलं. तव्याच्या धगीनं करंगळी वाकली आणि वाकडीच राहिली. दुखत काहीच नव्हतं, म्हणून तिनंही कानाडोळा केला. मग अंगठा गेला, मग तळवा, आणि बांगड्या मनगटात रुतून बसल्या, तेव्हा कुठे ती डॉक्टरकडे गेली.

ती जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत होती. दुकानदारांचे फोन घ्यायचे, कुठला वाण कधी येणार ते सांगायचं, एवढंच काम. मागच्या गोदामातल्या बियाण्यासाठी अख्खी इमारत गार ठेवलेली असे. बाहेर गाव भाजून निघायचं आणि आत माणसं स्वेटर घालून बसायची. गारठ्यात मेणाचं काय होतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

"यावर गोळी नाही," डॉक्टर म्हणाले. "पण असं झालेल्या लोकांचा एक गट आहे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दुपारी बसतात. त्यांच्यात जा. छातीपर्यंत जाऊ देऊ नका."

तिनं फोन लावला. गट चालवणाऱ्या बाईंना सगळे गोदाक्का म्हणत. आवाज जाड, मायेचा.

"काही अवघड नाही, ताई. गोल बसायचं, हातात हात धरायचा. ऊब एकाकडून दुसऱ्याकडं फिरते. मेण मऊ राहतं."

"घरी नवऱ्याचा हात धरला तर?"

"त्यांचा हात हाडामांसाचा. त्यानं नाही होत. या तुम्ही."

फोन ठेवल्यावर रंजनाला रडू आलं. एवढ्या दिवसांत कुणी तिला 'या' म्हटलं नव्हतं.

तिचे साहेब लहाने, माणूस भला. त्यांनी तिचा हात बघितला आणि हळहळले. "खरात बाई, तब्येत आधी. मात्र कामाच्या वेळेत नको. ऑफिस सुटल्यावर खुशाल जा."

ऑफिस सहाला सुटायचं. तिनं गोदाक्कांना सांगितलं, आणि त्या भल्या माणसांनी एका अनोळखी बाईसाठी गटाची वेळ संध्याकाळची करून टाकली. त्या दिवशी सहाला रंजनानं पर्स उचलली, तर कुणीच उठलं नव्हतं.

"सुटलं ना?" तिनं शेजारच्या टेबलावर विचारलं.

"आठला सुटतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

गट रविवारवर गेला. रविवारी ती ठेवणीतली साडी नेसून निघाली. वाचनालय म्हणून सांगितलं तरी रिक्षावाल्यानं तिला एमआयडीसीत, ऑफिसच्या दारात आणून सोडलं आणि पैसे घेऊन निघून गेला. आत सगळे आपापल्या टेबलांवर होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार लाल होता, पण फोन वाजत होते. तिचाही वाजत होता. तो तिनं डाव्या हातानं उचलला, कारण उजवा आता कोपरापर्यंत गेला होता.

तेव्हा तिला एक युक्ती सुचली. चांगली वाटली, हेच वाईट झालं. एका सकाळी ऑफिसच्या आधी ती वाचनालयात गेली. वरचा हॉल उघडा होता, आत कुणी नव्हतं. खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या. तिनं पर्समधून रुमाल काढला आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर टाकला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत तिचा जन्म गेला होता. रुमाल पडला की जागा आपली. मग भांडखोरातला भांडखोर माणूसही त्याच्यावर बसत नाही, उभा राहून तालुका गाठतो. आपली एक जागा तिथं आहे, या विचारानं तिला त्या दिवशी ऑफिसातही गार वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात गोदाक्कांचा फोन आला. आवाज जड झाला होता, जीभ वळत नव्हती.

"येताय ना, ताई? आम्ही थांबलोत."

"माझ्यासाठी कशाला? तुम्ही सुरू करा."

"कसं करायचं? तुमच्या खुर्चीवर रुमाल आहे. मधी जागा रिकामी राहिली की हाताला हात पोचत नाही. ऊब तिथंच अडकायलीय."

"तो रुमाल बाजूला ठेवा."

"दुसऱ्याचा रुमाल?" गोदाक्का खरंच दुखावल्या. "असं कसं उचलायचं, ताई. माणूस यायलंय ना."

"मग खुर्च्या सरकवा."

"आमच्यातले अंबादास मास्तर सरकवणार होते. त्यांचे खांदे गेले."

रंजनानं फोन ठेवला. आपण सगळ्यांच्या जिवावर बसलो आहोत, आणि तेही न बसता. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती रुमाल आणायला धावली. वाचनालयाचा जिना चढू लागली, आणि अर्ध्या जिन्यात ऑफिस सुरू झालं. वरच्या पायरीवर टाकलेला पाय तिच्या टेबलाखाली पडला. समोर फोन वाजत होता. तिनं 'हॅलो' म्हटलं आणि दुकानदाराला सांगितलं की कपाशीचा वाण पुढच्या आठवड्यात येईल.

त्यानंतर तिला घरी गेल्याचं आठवेना. डब्यात भाजी ताजी असायची, म्हणजे कुणीतरी करत असणार.

मग एके दिवशी लहाने साहेब नवीन माणसं घेऊन आले. हंगाम तोंडावर आला होता. माणसं एकामागून एक आली, ताठ चालीनं, दारातून अंग तिरकं करत. साहेबांनी त्यांना टेबलं दाखवली. रंजनाच्या शेजारी एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई बसली आणि म्हणाली, "तुम्हीच ना रंजनाताई?"

आवाज ऐकून रंजनाचा ऊर भरून आला.

"गोदाक्का?"

"तुम्हाला निघता येईना, म्हणून आम्हीच नोकरीला लागलो. सगळे आहेत. ते पलीकडं मास्तर."

मास्तरांनी मान हलवायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांनीच नमस्कार केला. रंजनाला वाटलं, आता आपण वाचलो. आयुष्यात तिच्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं. ती म्हणाली, "मग करायचं सुरू? खुर्च्या तेवढ्या गोल करू."

लहाने साहेब मागेच उभे होते. "कामाच्या वेळेत नको, बाई," ते समजुतीनं म्हणाले. "सुटल्यावर खुशाल."

"सुटतं कधी?" गोदाक्कांनी विचारलं.

फोन वाजू लागले तसे सगळ्यांनी ते उचलले. जरा वेळानं रंजनानं पलीकडं वळून हळूच विचारलं, "मास्तर, हे असं कसं हो?"

"पहिल्यापासून असंच आहे," मास्तर म्हणाले. ते त्याच सकाळी आले होते.

गारठा वाढवला होता. रंजनाचा खांदा गेला, गळ्याखालचं हाड गेलं. श्वास घेताना आत काहीतरी करकरायला लागलं. तिला भीती वाटली, साधी, लहानपणी वाटायची तशी. तिनं टेबलाखालून हात पुढं केला. गोदाक्कांनी फोन कानाला लावलेला ठेवूनच तो धरला. मेणाला मेण लागलं.

आणि ऊब आली. फार नाही, पोटाशी धरलेल्या मांजरीएवढी. बोटं जराशी सैल झाली. मग कुणाची कुठली ते कळेना. रंजनानं डोळे मिटले. एवढ्यासाठीच तर ती महिनोन्महिने धडपडत होती, आणि हे किती सोपं होतं, याचं तिला अतोनात दुःख झालं. छताच्या जाळीतून गार वारा सरळ खाली येत होता.

"खरात बाई, जरा इकडे या," लहाने साहेबांनी हाक मारली.

इतक्या वर्षांची सवय. हाक आली आणि ती उठली. मेणबत्ती मोडावी तेवढाच आवाज झाला. गोदाक्का फोनवर दुकानदाराला सांगत होत्या की वाण पुढच्या आठवड्यात येईल. त्यांनी वर पाहिलं नाही. रंजना साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिच्या मुठीत गोदाक्कांचा हात होता, कोपरापासून सुटलेला. त्याचा अंगठा तिच्या बोटांवरून सावकाश फिरत होता.